टीव्ही सेंटरचा आवाज

अहिल्यानगर शहरात सावेडी भागातल्या पत्त्यांमध्ये ‘टीव्ही सेंटर’ हे दोन शब्द आजही लिहिले जातात. रिक्षात बसून तेवढे सांगितले तरी पुरते. दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपकाने या भागाला दिलेले हे नाव आहे. अ‍ॅनालॉग प्रक्षेपणाचा काळ सरला, गच्च्यांवरचे एरियल उतरले, पण नाव चिकटून राहिले. अशा केंद्राला आपण टीव्हीचे केंद्र म्हणतो ते कशाच्या आधारे? ते रेडिओचे केंद्र होऊ शकले असते का? अमेरिकेत अशीच छोटी टीव्ही केंद्रे वर्षानुवर्षे उघडपणे एफएम रेडिओ म्हणून चालली आणि त्यांतली काही अजून चालतात. नगरला तसे घडले नाही. का घडले नाही, आणि निराळ्या वाटेने काय घडले, याचा विचार इथे करायचा आहे. या प्रश्नाच्या शेवटी जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे एक जुने दुखणे उभे आहे, म्हणून तो मला नुसता तांत्रिक वाटत नाही.

एका मनोऱ्यावर दोन केंद्रे

टीव्ही केंद्र चित्र पाठवते, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. अ‍ॅनालॉग काळातल्या प्रत्येक टीव्ही केंद्रात खरे तर दोन प्रक्षेपक एकाच मनोऱ्यावर नांदत. एक चित्राचा, एक आवाजाचा. चित्राच्या वाहक लहरीची उंची कमीजास्त करून तिच्यावर चित्र चढवले जाई. मध्यम लहरींच्या रेडिओत आवाज चढवतात, त्याच जातीची ही पद्धत. आवाजाचा वाहक मात्र वेगळा असे आणि त्याच्यावर आवाज चढे तो वारंवारता हलवून, म्हणजे शुद्ध एफएम पद्धतीने. चित्र आणि आवाज दोन वेगळ्या रस्त्यांनी घरी येत आणि संचात शिरल्यावरच एकमेकांना भेटत.

भारताने स्वीकारलेल्या पाल-बी पद्धतीत व्हीएचएफचा प्रत्येक चॅनेल ७ मेगाहर्ट्झ रुंद होता. चॅनेलच्या खालच्या कडेपासून १.२५ मेगाहर्ट्झवर चित्राचा वाहक आणि त्याच्या वर ५.५ मेगाहर्ट्झवर आवाजाचा. उदाहरणार्थ, चॅनेल ५ म्हणजे १७४ ते १८१ मेगाहर्ट्झ. त्यात चित्र १७५.२५ वर आणि आवाज १८०.७५ वर. आवाजाच्या वाहकाची वारंवारता मध्यापासून दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त ५० किलोहर्ट्झ हलू शकते. एफएम रेडिओत हीच मर्यादा ७५ किलोहर्ट्झ आहे. उंच सुरांना पाठवताना मुद्दाम दिला जाणारा उठावही दोन्हीकडे ५० मायक्रोसेकंदांचाच. अभियंत्याने डोळे मिटून नुसता हा ध्वनिप्रक्षेपक तपासला, तर त्याला ‘किंचित हळू बोलणारे एफएम केंद्र’ म्हणण्यात अडचण येऊ नये.

तेव्हा टीव्ही केंद्राच्या पोटात रेडिओ केंद्र पहिल्या दिवसापासून होते. ते ऐकू येते की नाही, हे ठरते ते रेडिओची तबकडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते यावर. आणि तबकडी माणसांनी आखलेली असते.

तबकडीच्या कडेला

अमेरिकेत एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. टीव्हीचा चॅनेल ६ तिथे ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ असा नेमका त्याच्या उंबरठ्याला लागून. अमेरिकी पद्धतीत आवाजाचा वाहक चित्राच्या ४.५ मेगाहर्ट्झ वर असतो, म्हणून चॅनेल ६ चे चित्र ८३.२५ वर आणि आवाज ८७.७५ वर. बाजारातले बहुतेक एफएम संच ८८ च्या थोडे खालपर्यंत फिरतात. काटा तबकडीच्या डाव्या टोकाला नेला, की चॅनेल ६ चा आवाज मोटारीतल्या रेडिओवर आपोआप येई. ही कुणाची युक्ती नव्हती, पट्ट्यांच्या आखणीतून आपसूक निघालेली गोष्ट होती.

तिचा धंदा झाला तो पुढे. १९८२ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने कमी शक्तीच्या टीव्ही केंद्रांना परवाने देणे सुरू केले. हेतू असा, की खेड्यांना आणि शहरातल्या लहान समाजगटांना स्वतःचा पडदा मिळावा. पुढे मोठ्या शहरांमध्ये एफएमच्या वारंवारता संपल्या. असलेल्या विकत घ्यायच्या तर किंमत आवाक्याबाहेर. मग काही जणांच्या लक्षात आले, की चॅनेल ६ चा लघुशक्ती टीव्ही परवाना त्या मानाने स्वस्तात मिळतो आणि त्याच्यासोबत ८७.७ हे रेडिओचे स्थानही येते. पडद्यावर काहीतरी चित्र ठेवायचे आणि सगळी मेहनत आवाजावर घ्यायची. न्यूयॉर्कमध्ये ‘पल्स ८७’ या नावाने नृत्यसंगीत वाजले, शिकागोत २०१५ पासून ‘मी-टीव्ही एफएम’ जुनी गाणी वाजवू लागले. वेगवेगळ्या देहांचे तुकडे जोडून उभ्या केलेल्या कादंबरीतल्या प्राण्यावरून या केंद्रांना ‘फ्रँकेन-एफएम’ असे नाव पडले.

मोठ्या शक्तीची अमेरिकी केंद्रे १२ जून २००९ रोजी डिजिटल झाली. लघुशक्ती केंद्रांना मुदत मिळत गेली ती १३ जुलै २०२१ पर्यंत. डिजिटल प्रक्षेपणात आवाजाचा वेगळा वाहक उरत नाही. चित्र आणि आवाज आकड्यांच्या एकाच प्रवाहात मिसळतात आणि साध्या रेडिओला त्यातले काही कळत नाही. ही केंद्रे तिथेच संपायची. पण एटीएससी ३.० ही नवी डिजिटल पद्धत आल्यावर चॅनेलच्या काही भागात डिजिटल चित्र आणि वरच्या कडेला पूर्वीसारखा अ‍ॅनालॉग आवाज अशी मांडणी शक्य झाली. जुलै २०२३ मध्ये आयोगाने अशा चौदापर्यंत केंद्रांना चालू राहायला मान्यता दिली. अट अशी, की डिजिटल बाजूला खरा टीव्ही कार्यक्रम चालूच असला पाहिजे.

जपानची गोष्ट वेगळी आणि मला जास्त शिकवणारी वाटते. तिथे एफएमचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आणि टीव्हीचे पहिले तीन चॅनेल त्याच्या लगेच वर, ९० ते १०८ मध्ये. रेडिओ बनवणाऱ्यांनी तबकडी लांबवली आणि संचावर ‘टीव्ही १ ते ३’ असे छापूनच विकले. चोरी नाही, पळवाट नाही. टीव्ही ऐकणे ही मान्य सवय झाली. २०११ मध्ये अ‍ॅनालॉग टीव्ही थांबल्यावर ९० ते ९५ मेगाहर्ट्झचा मोकळा झालेला भाग मध्यम लहरींच्या केंद्रांना एफएमवरून बोलण्यासाठी दिला गेला. टीव्हीची जमीन रीतसर रेडिओच्या नावावर झाली.

आता भारताकडे पाहू. आपल्या व्हीएचएफ टीव्हीचे चॅनेल दोन गटांत होते. चॅनेल २ ते ४ हे ४७ ते ६८ मेगाहर्ट्झमध्ये आणि चॅनेल ५ ते १२ हे १७४ ते २३० मध्ये. एफएमचा पट्टा या दोन गटांच्या मधोमध, दोघांपासूनही लांब. चॅनेल ४ चा आवाज ६७.७५ वर, म्हणजे एफएमच्या खालच्या कडेपासून जवळजवळ २० मेगाहर्ट्झ दूर. चॅनेल ५ चा १८०.७५ वर, ७० मेगाहर्ट्झहून अधिक पलीकडे. भारतातल्या कुठल्याही टीव्ही केंद्राचा आवाज साध्या एफएम संचावर येणे शक्य नव्हते. गंमत अशी, की जुन्या सोव्हिएत देशांत एफएमचा पट्टा ६५.८ ते ७४ मेगाहर्ट्झ होता. आपला चॅनेल ४ तिथल्या रेडिओवर व्यवस्थित ऐकू आला असता. लहर तीच, केंद्र तेच. संच कुठल्या देशाच्या कोष्टकाप्रमाणे बनला, एवढाच फरक.

आपल्याकडे टीव्हीचा आवाज पकडणारे संच अगदीच नव्हते असे नाही. एफएम, मध्यम लहरी आणि ‘टीव्ही’ अशी तीन नावे तबकडीवर असलेले ट्रान्झिस्टर बाजारात येत. पण संचाचा स्वभाव म्हणून ते कधी रुजले नाहीत.

काठावरचे गाव

तरीही नगर जिल्ह्यात टीव्ही केंद्र रेडिओ म्हणून चालले. ते घडले प्रक्षेपणाच्या काठावर.

दूरदर्शनचा लघुशक्ती विस्तार १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास सुरू झाला आणि १९८४ मध्ये त्याने असा वेग घेतला, की काही महिने देशात दिवसाला सरासरी एक प्रक्षेपक उभा राहत होता. हे प्रक्षेपक साधारण १०० वॅटचे. उपग्रहावरून येणारा दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम झेलायचा आणि आसपासच्या पंधरा-वीस किलोमीटरना वाटायचा. यालाच ‘सहक्षेपण’ असा सुंदर मराठी शब्द आहे. १७ हजार चौरस किलोमीटरच्या, राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात पंधरा-वीस किलोमीटरचे वर्तुळ म्हणजे चादरीवर ठेवलेली बशी. त्यामुळे बशीच्या आत असलेल्या घरांपेक्षा काठावर आणि काठाबाहेर असलेली घरे कितीतरी जास्त.

ही घरे मग उंच प्रक्षेपकांकडे पाहत. नैऋत्येला सिंहगड, ईशान्येला म्हैसमाळ. इथे एक साधे सूत्र कामाला येते: मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले, की रेडिओलहरींचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. सिंहगड आसपासच्या पठारापेक्षा ७०० मीटर उंच धरला तर क्षितिज १०९ किलोमीटरवर. म्हणजे पारनेर आणि श्रीगोंदे जेमतेम हाताशी. म्हैसमाळची गोदावरी खोऱ्यापासूनची उंची ४३० मीटर धरली तर क्षितिज ८५ किलोमीटरवर. नेवासे त्यात येते. ‘जेमतेम’ या शब्दात त्या काळच्या संध्याकाळी सामावल्या आहेत. बांबूला किंवा लोखंडी पाइपाला बांधलेले एरियल, छतावर एक जण, अंगणात एक जण, घरात टीव्हीसमोर तिसरा, आणि तिघांमधून फिरणारा एकच प्रश्न, “दिसतंय का?” पुष्कळदा घरातून उत्तर येई, “दिसत नाही, पण ऐकू येतंय.”

या उत्तरामागचे गणित नीट मांडण्यासारखे आहे. संचात शिरणारी खरखर ही पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते. चित्राला सुमारे ५ मेगाहर्ट्झ रुंद दरवाजा उघडावा लागतो. आवाजाला ५० किलोहर्ट्झची हालचाल आणि १५ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर धरले, तर त्यांच्या बेरजेच्या दुप्पट, म्हणजे १३० किलोहर्ट्झ पुरतात. दरवाजा ३८ पट अरुंद, म्हणून आत येणारी खरखरही ३८ पट कमी. आता दुसरी बाजू: आवाजाच्या प्रक्षेपकाला चित्राच्या साधारण एक दशांश शक्ती दिली जाई. चित्राला १०० वॅट, तर आवाजाला १० वॅट. ३८ ला १० ने भागले, तरी आवाज चित्रापेक्षा जवळजवळ चौपट फायद्यात राहतो.

खरा फायदा याच्या पुढचा आहे. एफएमचा एक गुण असा, की संकेत खरखरीच्या दहा-पंधरा पटींवर गेला की संच खरखरीला दाबून टाकतो आणि आवाज एकदम स्वच्छ होतो. चित्राला ही सवलत नाही. त्याच्यावर खरखर जशी येते तशी पडद्यावर उमटते, पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात. आपण त्यांना मुंग्या म्हणत होतो. नीट चित्रासाठी संकेत खरखरीपेक्षा हजारो पटींनी मोठा लागतो. चित्राचा संकेत खरखरीच्या दसपट उरला, की पडद्यावर मुंग्यांचे वारूळ दिसते. त्याच क्षणी आवाज मात्र चाळीसपटीच्या आसपास असतो आणि स्वच्छ बोलतो. आणखी दूर गेल्यावर आवाजही ढासळतो, कारण बहुतेक संच आवाज वेगळा काढण्यासाठी चित्राच्या वाहकाचीच मदत घेत. तो फारच क्षीण झाला, की आवाजात घुरघुर शिरे. पण चित्र हरवण्याची रेषा आणि आवाज हरवण्याची रेषा यांच्यामध्ये किलोमीटरांचा एक पट्टा उरतोच. त्या पट्ट्यातल्या गावांसाठी टीव्ही केंद्र हे रेडिओ केंद्रच होते. संच टीव्हीचा, परवाना टीव्हीचा, सेवा रेडिओची.

अशा गावांत कार्यक्रम ‘पाहिला’ असेच लोक म्हणत, हेही नोंदवायला हवे. १९८७-८८ च्या रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिकेसमोर बसलेल्या गर्दीतल्या कित्येकांनी ती मुंग्यांच्या पडद्यावर संवाद ऐकत अनुभवली. कथा ठाऊक होती. कीर्तन ऐकणाऱ्या कानाला चित्राची उणीव फारशी भासत नाही. हा भाग तंत्राच्या पुस्तकात येत नाही, पण सेवा कशाला म्हणायचे हे ठरवताना तो वगळून चालणार नाही.

परवान्याची भिंत

पट्टे लांब होते म्हणून भारतात फ्रँकेन-एफएम झाले नाही, हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे कायद्यात आहे. समजा, आपलाही चॅनेल एफएमच्या कडेला असता. तरी फायदा घेणार कोण? १८८५ च्या तार कायद्याखाली प्रक्षेपणाचा अधिकार सरकारकडे होता आणि जमिनीवरच्या मनोऱ्यावरून टीव्ही दाखवण्याचा परवाना खासगी माणसाला या देशात कधीच मिळाला नाही. केबल आली, उपग्रहवाहिन्या आल्या, पण मनोरा दूरदर्शनचाच राहिला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्याचे फळ रेडिओला मिळाले. खासगी एफएमचे दरवाजे उघडले, २००१ मध्ये बंगळुरूला पहिले खासगी केंद्र सुरू झाले आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये नगरसारख्या शहरांची पाळी आली. सामुदायिक रेडिओ २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना खुला झाला. नगरमध्ये स्नेहालयचा ‘रेडिओ नगर’ ९०.४ वर ऐकू येतो, तो या धोरणामुळे.

सामुदायिक रेडिओला सर्वसाधारणपणे दिलेली कमाल प्रभावी शक्ती १०० वॅट आहे. दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपकाचा मूळ आकडाही १००. दोन्ही नियमावल्या वेगळ्या मंत्र्यांच्या, वेगळ्या काळातल्या. पण एका बाजारगावाला आणि त्याच्या वाड्यावस्त्यांना पुरेल असे माप शोधताना दोघीही त्याच आकड्यापाशी थांबल्या. मला हा योगायोग वाटत नाही. आठवड्याच्या बाजाराला माणूस जेवढ्या अंतरावरून येतो, साधारण तेवढेच हे वर्तुळ आहे.

अमेरिकेच्या उदाहरणाकडे काही जण कौतुकाने पाहतात. तिथे लहान माणसाने मोठ्या व्यवस्थेतली फट शोधली, असे त्यांना वाटते. माझे मत तसे नाही. ती फट शोधली ती मुख्यतः महानगरांत, जिथे आधीच डझनावारी केंद्रे होती. ज्या खेड्यांसाठी लघुशक्ती परवाने काढले, त्यांच्या वाट्याला त्यातून काही आले नाही. जपानने पट्टा मोकळा झाल्यावर तो कुणाला द्यायचा हे उघड ठरवले. आपल्यासमोरही तोच मार्ग आहे.

मनोरे मोकळे झाल्यावर

दूरदर्शनने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले आणि ३१ मार्च २०२२ पर्यंत, संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची मोजकी ठिकाणे सोडून, देशभरातले उरलेले प्रक्षेपक शांत झाले. निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. २००४ पासून मोफत डिश आली होती; एका छोट्या तबकडीत शंभरावर वाहिन्या दिसत असताना एका चॅनेलसाठी १०० वॅट जाळण्यात अर्थ नव्हता. त्याच मोफत डिशवर आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक वाहिन्याही येतात. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरात टीव्ही लावून आकाशवाणी ऐकता येते; म्हणजे संच टीव्हीचा आणि सेवा रेडिओची, ही जुनी गोष्ट उपग्रहाच्या वाटेने परत आली. फक्त ती घरात येते, भिंतीला टेकून बसते. शेताच्या बांधावर, गुराख्याच्या खांद्यावर, ऊसतोडीच्या गाडीवर ती जात नाही.

मनोऱ्यांचे पुढे काय झाले? २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते १०० वॅटच्या ९१ एफएम प्रक्षेपकांचे उद्घाटन झाले. १८ राज्ये आणि दोन केंद्रशासित प्रदेश मिळून ८४ जिल्ह्यांत ते पसरले आहेत, आकांक्षित आणि सीमावर्ती भागांवर भर देऊन. त्यांतले बरेच दूरदर्शनच्या जुन्या लघुशक्ती केंद्रांच्या आवारात उभे आहेत. तीच जागा, तोच मनोरा, तेच कुंपण, तीच १०० वॅटची शक्ती. चित्र गेले, आवाज राहिला. फ्रँकेन-एफएम हा शब्दही न ऐकता भारताने लघुशक्ती टीव्ही केंद्राचे एफएम केंद्र केले, आणि ते पळवाटेने नाही, राजमार्गाने केले. या विषयात आपल्याकडची सर्वांत महत्त्वाची घटना मी हीच मानतो. तिची चर्चा मराठीत जवळजवळ झालीच नाही.

नगर जिल्हा तसा रेडिओला पारखा नाही. आकाशवाणीचे स्थानिक केंद्र १००.१ मेगाहर्ट्झवर ६ किलोवॅट शक्तीने बोलते. पण शक्ती वाढवून क्षितिज वाढत नाही. मनोरा १०० मीटरचा धरला आणि रेडिओ घरात टेबलावर ठेवला, तर मघाच्या सूत्राने मनोऱ्याचे आणि संचाचे क्षितिज मिळून हिशेब ४५ किलोमीटरच्या आसपास थांबतो. लहरी क्षितिजापलीकडे थोड्या वळतात, म्हणून आणखी दहा-वीस किलोमीटर मिळतात. नगरहून सरळ रेषेत श्रीरामपूर सुमारे ६० किलोमीटर, जामखेड ७०, संगमनेर ७७, कोपरगाव आणि अकोले प्रत्येकी ९२. कोपरगावला निदान मधली जमीन सपाट आहे. अकोल्याच्या पुढे सह्याद्री उभा राहतो: कळसूबाई १६४६ मीटर, शेजारी रतनगड, दक्षिणेला हरिश्चंद्रगड. एफएमच्या लहरी अशा भिंतींना ओलांडत नाहीत. त्या मागे सावली टाकतात, आणि त्या सावलीत राजूर, शेंडी, रतनवाडी, घाटघर आहेत.

हे अंतर कार्यक्रमांच्या आशयातही आहे. नगर शहरात वर्षाला पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. घाटघरला तो काही हजार मिलिमीटरमध्ये मोजतात. एका बाजूला टँकरच्या खेपा, दुसऱ्या बाजूला भातलावणी. ज्वारी-कांद्याचा सल्ला ऐकून घाटघरच्या महादेव कोळी शेतकऱ्याने काय करावे? केंद्राचा यात दोष नाही. इतक्या वेगवेगळ्या पावसाचा जिल्हा एका आवाजात बोलूच शकत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की अकोले तालुक्याच्या पश्चिम भागासाठी, आणि तसाच जामखेड-कर्जतच्या बालाघाटी कडेसाठी, १०० वॅटचे एफएम प्रक्षेपक हवेत. आणि ते नुसते सहक्षेपण करणारे नकोत. १९८४ च्या लघुशक्ती टीव्हीची मोठी उणीव हीच होती, की मनोरा गावात आणि बोलणारा दिल्लीत. आकाशवाणीने त्याच वर्षी नागरकोइलला पहिले स्थानिक केंद्र काढून उलट दिशेचा प्रयोग केला, आणि नगरचे केंद्र त्याच विचारातले आहे. २०२३ चे प्रक्षेपकही मुख्यतः दुसरीकडचा कार्यक्रम पुढे पोचवणारे आहेत. दिवसातून दोन तास तरी स्थानिक माइक उघडा राहील, अशी तरतूद प्रत्येक लघुशक्ती केंद्रात करता येते. खर्च मनोऱ्याचा असतो, माइकचा नगण्य.

यावर एक आक्षेप येईल: आता मोबाइल आहे, रेडिओची गरज काय? आणखी पुढचा आक्षेपही आहे. इंटरनेटशिवाय थेट मोबाइलवर टीव्ही दाखवण्याचे प्रयोग प्रसार भारतीने आयआयटी कानपूरच्या साथीने केले आहेत, आणि ते उभे आहेत एटीएससी ३.० या पद्धतीवर. अमेरिकेतल्या फ्रँकेन-एफएमला जिने जीवदान दिले तीच ही पद्धत. ती आली तर मनोरे पुन्हा टीव्हीचे होतील. व्हावेत. पण तशा चिपचा मोबाइल प्रत्येक हाती येईपर्यंत वर्षे जातील, आणि डोंगराची सावली नव्या लहरींनाही तितकीच पडेल. शिवाय एफएमचा साधा संच दोन सेलवर आठवडे चालतो. पावसाळ्यात वीज गेली, मोबाइल टॉवरची बॅटरी उतरली, की घाटमाथ्यावर तो एकटाच बोलता राहतो.

याच भागातले, शेंडीजवळचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. जुलै-ऑगस्टमध्ये ते भरत येते आणि प्रवरेत पाणी सोडावे लागते. विसर्ग किती क्युसेकने वाढवला, किती वाजता वाढवला, खालच्या निळवंडे धरणातून पुढे किती येणार, नदीकाठच्या मोटारी कधी वर घ्यायच्या, कोणता पूल बंद, ही माहिती काठावरच्या माणसाला वेळेवर हवी असते. शेंडीच्या उंचवट्यावर १०० वॅटचा प्रक्षेपक असेल, त्याच्या माइकसमोर तिथल्याच बोलीत बोलणारी मुलगी बसली असेल, तर पहाटे पाच वाजता ती हे आकडे दोनदा सावकाश वाचून दाखवील. ऐकणाऱ्याला दिव्याची गरज नाही. कंदील विझवून, छपरावरच्या पावसातून, तो आकडा कान देऊन टिपेल आणि मोटार काढायला निघेल.